कापसाची खोली आणि चार चिंचोके : टाळेबंदीतल्या एका घराचं प्रकरण

प्रकरणाचा काळ २२ मार्च २०२० ते जून २०२० चा पहिला पंधरवडा. जागा वर्धा जिल्ह्यातलं, नदीकाठच्या पट्ट्यातलं कोरडवाहू गाव. हे घर प्रातिनिधिक आहे. अशा घरांमध्ये त्या अडीच महिन्यांत जे सर्रास घडलं, ते इथं एका छपराखाली बांधून मांडलं आहे. म्हणून कोणाचं नाव नाही. माणसं पाच : सत्तरी ओलांडलेली आजी, बाबा, आई, पुण्याहून परतलेला मुलगा आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. दावणीला एक गाय. अंगण मोठं, घर लहान.

प्रश्न साधा वाटतो : बाहेर पडता येत नाही, हाती पैसा नाही, ऊन पेटलेलं आहे, तर दिवसातून दोन-चार घटका बऱ्या कशा जातील? शहरात या प्रश्नाला केक, चित्रकला, ऑनलाइन वर्ग अशी उत्तरं मिळाली. ती इथं लागू पडत नाहीत. इथं विरंगुळ्याच्या वाटेत चार ठोस गोष्टी आडव्या येतात : ऊन, पाणी, जागा आणि आईचे दोन हात. घरातली प्रत्येक गंमत शेवटी या चारांपैकी कशाच्या तरी खर्चावर होते. हे ज्या घरात लवकर उमगलं, तिथं दिवस बरे गेले.

घराची स्थिती

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, आणि २५ तारखेला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागली. गुढी उभारली, पण साखरेची गाठी अनेक घरांना मिळाली नाही, कारण बाजार आधीच बसला होता. तिकडे कापूस खरेदी ठप्प. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ५५५० रुपये क्विंटल. त्याची वाट पाहत कापूस घरातच पडून राहिला. या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. म्हणजे पाच माणसांना एक मधली खोली, स्वयंपाकघर आणि अंगण. साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, हे कापूसवाल्याला सांगायला नको. लहान-मोठी चिडचिड त्या खाजेनंही वाढते, आणि ती कोणी मोजत नाही.

मुलगा टाळेबंदीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत पुण्याहून आलेला. हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का. गावानं त्याला चौदा दिवस शेतातल्या गोठ्यावर ठेवलं, जेवणाचा डबा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवून माणूस मागे सरायचा. मुलीचा दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला आणि १२ एप्रिलला रद्द झाला. तीन आठवडे ती भूगोलाचं पुस्तक उघडंही ठेवू शकत नव्हती, मिटूही शकत नव्हती. अर्धवट लोंबकळणारं काम माणसाला कुठल्याच विरंगुळ्यात रमू देत नाही. पेपर रद्द झाल्यावरच तिचा दिवस मोकळा झाला.

बाबांची अडचण वेगळी : खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. पानटपऱ्या बंद, चोरून मिळणारा खर्रा दुप्पट-तिप्पट भावानं. तंबाखू एकदम सुटली की चिडचिड, झोपमोड, डोकं जड होणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं, आणि दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. घरच्यांनी हे ‘स्वभाव’ म्हणून धरलं असतं तर रोज भांडण होतं. या काळात बाबांना बसून करायचं काम देणं चुकतं. हात आणि तोंड दोन्ही गुंतलेलं हवं. भाजलेली बडीशेप, ओवा, थोडं भाजलेलं जवस आणि सैंधव मीठ अशी डबी खिशात राहिली, आणि गोठ्याचा मोडका कूड नव्यानं विणायचं काम त्याच आठवड्यात काढलं. वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे, पण हातभट्टीला टाळेबंदी ठाऊक नसते. रिकामा बसलेला माणूस तिकडे वळू नये यासाठीही ते काम कामास आलं.

दिवसाचे दोन तुकडे

विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवस चोवीस तासांचा नसतोच. पहाटे साडेचार ते सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा, एवढाच वापरता येतो. मधले आठ तास सोसायचे. त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात पारा ४७ अंशांवर गेला होता. टिनाच्या छपराखाली दुपारी आनंद वगैरे शोधणं म्हणजे थट्टा. पहिल्या पंधरवड्यात या घराचं जे बिघडलं ते इथंच : सगळे उशिरा उठू लागले. काम नाही तर लवकर कशाला उठायचं? आठला उठलेल्या माणसाला जेमतेम दोन थंड तास मिळतात, ते दात घासण्यात आणि चहात जातात, आणि मग थेट दुपार. रात्री झोप येत नाही, म्हणून पुन्हा उशीर.

दुरुस्ती गायीनं केली म्हणायला हरकत नाही. दूध काढायची पाळी मुलाकडे आली (तो गोठ्यावरून घरी आल्यानंतर), आणि गाय पाचला हंबरते. एक माणूस पाचला उठला की अंगणात पाणी वाजतं, मग आजी, मग बाकीचे. घरातल्या सगळ्यांनी लवकर उठावं असा ठराव केला तर तो दोन दिवस टिकतो. ज्याला वाट पाहता येत नाही अशा जनावराशी एकाची वेळ बांधली तर टिकून राहते. ज्यांच्याकडे गाय नव्हती, त्यांच्याकडे हे काम नळानं केलं. एक दिवसाआड पहाटे येणारा नळ कोणासाठी थांबत नाही.

पहाटेचं बक्षीसही होतं. एप्रिलभर पहाटे आग्नेयेला गुरू, शनी आणि मंगळ एका तिरप्या ओळीत दिसत होते. दूध काढायला जाताना ते पाहायला काही खर्च येत नाही.

चीक, सोऱ्या आणि आजीचा अधिकार

या प्रकरणातला सर्वांत भरघोस भाग वाळवणाचा. कुरडया दरवर्षी होतात, पण एरवी त्या आई आणि शेजारच्या दोघी-तिघी मिळून करतात; पुरुष शेतात, मुलं शाळेत. त्या वर्षी शेजारणी येऊ शकत नव्हत्या आणि पुरुष घरात होते. त्यामुळे काम घरातच वाटलं गेलं, आणि ते कसं वाटलं गेलं यावर सगळं ठरलं.

प्रमाण चार किलो गव्हाचं. पहिली रात्र : गहू निवडून, धुऊन, वर चार बोटं पाणी राहील इतक्या पाण्यात भिजत घालायचे. पाणी एरवी दिवसातून एकदा बदलतात, मेमध्ये दोनदा बदलावं लागतं. नाहीतर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो आणि कुरडई तळल्यावर तांबूस पडते. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यावं. नुसता मऊ झाला आणि दूध आलं नाही तर आणखी अर्धा दिवस.

दळायचं मिक्सरमध्ये, थोडं थोडं, पाणी घालून. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हे काम पहाटे. भांडं अर्ध्याहून जास्त भरलं की मोटार तापते आणि चोथ्यात चीक अडकून राहतो. वाटलेला लगदा पाण्यात कालवून पिळायचा, चोथा पुन्हा पाण्यात टाकून पिळायचा, असं तीनदा. दोनदावर थांबलं तर बराच चीक गायीच्या पोटात जातो (चोथा गायीलाच घालतात, आणि तिची त्याला काही तक्रार नसते). सगळं पाणी स्वच्छ धोतराच्या फडक्यातून गाळून मोठ्या गंजात (पातेल्यात) ठेवायचं. आठ-दहा तासांत चीक तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते सकाळी हळूच ओतून टाकायचं. गंज हलवला की चीक पुन्हा उठतो आणि दोन तास वाया.

आता शिजवणं. चीक ज्या भांड्यानं मोजला त्याच भांड्यानं तेवढंच पाणी. एक लिटर चिकाला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, चिमूटभर हिंग, आवडत असेल तर जिरं. मीठ कच्च्या चिकात चाखून ‘बरोबर’ लागलं तर वाळल्यावर ते खारट होणार, कारण पाणी उडतं आणि मीठ राहतं. म्हणून अळणीकडे झुकलेलं ठेवायचं. ही चव आजीची. तिच्या हाताला आता सोऱ्या दाबवत नाही, पिळवत नाही, पण जीभ शाबूत आहे. पूर्ण टाळेबंदीत तिला ‘घरात बसा, वय झालंय’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. चुलीजवळ मात्र तिनं मान हलवल्याशिवाय कोणी पुढे सरकत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा म्हणून टीव्हीसमोर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाण्याला उकळी आली की एकानं बारीक धारेनं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं चाटू न थांबवता फिरवायचा. इथं दोन माणसं लागतातच. एकट्या बाईनं केलं की गुठळ्या होतात, मग ती स्वतःलाच दोष देते. बाबांनी चाटू धरला. जाळ मंद करून, झाकण ठेवून, मधूनमधून ढवळत दहा ते पंधरा मिनिटं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी छटा आली आणि ओल्या बोटाला चिकटला नाही की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते, भुगा होतो. त्यातला एक वाडगा तिथंच बाजूला काढायचा : गरम चीक, कोणाला दूध-साखर, कोणाला तेल-तिखट. अख्ख्या उपद्व्यापातली खरी मजा या वाडग्याची आहे, आणि ती विकत मिळत नाही.

सोऱ्यात गरमच भरायचा. गार झालेला चीक दाबताना मुलाच्याही खांद्याला घाम फुटतो आणि धागा तुटतो. बाजेवर प्लॅस्टिकचा कागद किंवा जुनं ओलं धोतर अंथरून त्यावर गोल वेटोळी. हे सगळं सकाळी नऊच्या आत आटपलं पाहिजे. अकराच्या झळांत घातलेली कुरडई वरून पटकन कडक होते, आतून ओली राहते, आणि तडकते. त्यात दुपारच्या वावटळीची धूळ. म्हणून नऊपासून वर पातळ पांढरं फडकं. चारच्या सुमारास एकदा उलटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मोडल्यावर ‘कट्’ आवाज आला तर डब्यात, वाकली तर अजून एक दिवस. एप्रिलमध्ये अवकाळीचं आभाळ आलं तर बाज उचलून आत, पंख्याखाली. ओलसर कुरडईवर एका रात्रीत काळे ठिपके धरतात आणि ती टाकावीच लागते.

गोडेतेल जपून वापरायचे दिवस होते, त्यामुळे रोज तळण परवडणारं नव्हतं. त्यावर दोन उपाय : तळण फक्त रविवारी आणि सणाला, आणि मधल्या दिवशी कुरडई कोमट पाण्यात भिजवून कांदा-मिरचीची फोडणी देऊन. ही फोडणीची कुरडई ज्वारीच्या भाकरीशी चांगली जाते आणि तेल चमचाभर लागतं. सरगुंडेही (काडीवर गुंडाळून केलेल्या कणकेच्या पोकळ शेवया) त्याच आठवड्यात झाले, ते आमरसासाठी. त्यांचं काडीवर गुंडाळणं मुलीनं शिकून घेतलं, पहिली खेप जाड झाली, जाड सरगुंडा शिजायला वेळ घेतो आणि रसात टाकल्यावर पिठूळ लागतो. दुसरी खेप सुधारली.

दुपार

दुपारला घरानं आधी मोबाइल दिला. एक स्मार्टफोन, दिवसाला दीड जीबी, रेंज फक्त अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीखाली. तीन माणसांत हे गणित कधीच सुटत नाही. त्यात आजारांच्या बातम्या आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ, त्यानं आजी घाबरायची. शेवटी फोनची वेळ संध्याकाळची ठरली, आणि बातम्या दिवसातून एकदाच, रेडिओवर. केंद्राच्या ३० एप्रिलच्या कोरोना-यादीत वर्धा ग्रीन झोनमध्ये होता आणि नदीपलीकडचं यवतमाळ रेडमध्ये. ही एक ओळ दिवसातून एकदा ऐकली काय किंवा वीसदा, फरक पडत नव्हता. वीसदा ऐकल्यानं भीती तेवढी वाढत होती.

कूलर होता. पण दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं; समोरची खिडकी विताएवढी उघडी हवी. वाळ्याच्या ताट्या रोज भिजायला पाणी लागतं, आणि नळ एक दिवसाआड. म्हणून कूलर बारा ते चार, पाचही जण एकाच खोलीत. आणि एका खोलीत पाच माणसं चार तास असली की काहीतरी मधोमध ठेवावंच लागतं.

ते मधोमध ठेवायचं काम अष्टाचंगा या पटावरच्या खेळानं केलं. एप्रिलमध्ये चिंचा फोडल्या जातात, चिंचोक्यांचा ढीग असतो. चार चांगले, सारख्या आकाराचे, फुगीर चिंचोके घ्यायचे. प्रत्येकाची एक बाजू खरबरीत फरशीवर थोडं पाणी टाकून घासायची, तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. दुसरी बाजू तशीच. घासताना चिंचोका तिरका धरला तर एक कड पातळ होते आणि तो नेहमी एकाच बाजूला पडतो. इथूनच भांडणं सुरू होतात. म्हणून खेळायच्या आधी प्रत्येक चिंचोका वीसदा टाकून पाहावा. पांढरी बाजू सात-आठपेक्षा कमी किंवा तेरा-चौदापेक्षा जास्त वेळा वर आली तर तो बाद. आजीच्या मते हा फाजील हिशेब आहे. पण तिनंही तिच्या हातचा ‘भाग्याचा’ चिंचोका तपासू दिला नाही, हे नोंदवायला हवं.

पट पाच बाय पाच घरांचा, खडूनं जमिनीवर. चारही बाजूंची मधली घरं आणि मधोमधचं घर यांवर फुली. प्रत्येकाच्या चार सोंगट्या : फुटक्या बांगड्यांचे तुकडे, तुरीच्या काडीचे तुकडे, खडे, ज्वारीच्या धांड्याचे तुकडे. जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडल्यावर पुन्हा फेक. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. बाहेरून फिरून आतल्या फेरीत शिरायचं तर आधी दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारलेली हवी. या शेवटच्या नियमानं खेळ लांबतो. तो वगळला तर अर्ध्या तासात संपतो आणि मुलं कंटाळतात; ठेवला तर तास-सव्वा तास पुरतो. चौघांचा खेळ आहे, आणि घरात पाच माणसं. म्हणून एक जण आळीपाळीनं बाहेर. हे ‘बाहेर’ कोणाच्या वाट्याला येतं ते पाहा : पहिल्या आठवड्यात रोज आईच्याच. ती तेव्हा चहा करत होती.

आईचा हिशेब

इथं प्रकरणाची गाठ आहे. पाच माणसं दिवसभर घरात म्हणजे चहा सहा वेळा, ताटं दोनदा ऐवजी तीनदा, धुण्यात दोन पुरुषांचे घामाचे कपडे. त्यावर कुरडया, पन्हं, वाळवण. इतरांचा विरंगुळा जितका वाढला तितकं तिचं काम वाढलं. अशा घरांत ‘लॉकडाउनमध्ये मजा आली’ असं कोण म्हणतं आणि कोण गप्प बसतं, हे पाहिलं की हिशेब कळतो.

या घरानं केलेली वाटणी मोठी नाही, पण नेमकी आहे. चहा तीनदाच : पहाटे, दहाला, संध्याकाळी पाचला. मधे तहान लागली तर माठातलं पाणी किंवा पन्हं. पन्हं आठवड्यातून दोनदा करून ठेवायचं काम मुलीचं : अर्धा किलो कैरी उकडून गर काढायचा, त्यात गराच्या दीडपट गूळ, एक चमचा मीठ, वेलची किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड. हा गर फ्रीज नसेल तर माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत बरणी ठेवून दोन दिवस टिकतो; तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसले तर फेकायचा. पाणी भरणं मुलाकडे. दुपारची भांडी बाबांकडे, आणि हे सर्वांत अवघड गेलं, कारण अंगणात बसून भांडी घासताना रस्त्यावरून दिसतं. त्यांनी ती न्हाणीत घासली. चालतं.

यातून आईला मिळाला संध्याकाळचा अर्धा तास, साडेपाच ते सहा. तिनं त्यात काय करावं हे कोणी सुचवू नये, एवढीच अट. बहुतेक दिवशी ती दारातल्या ओट्यावर बसून समोरच्या काकूंशी बोलायची. मधे रस्त्याची रुंदी, म्हणजे अंतरही राखलं गेलं. एप्रिलनंतर दोघी मिळून बचत गटाचे मास्क शिवायच्या, आपापल्या ओट्यावर. हे काम आहे की विरंगुळा, हे बाहेरच्यानं ठरवू नये.

रात्रीचं अंगण

सहा वाजता अंगणात सडा. पाणी थोडं असेल तर भांडी धुतलेलं, पण साबणाचं नको, निसरडं होतं. सात वाजेपर्यंत जमीन निवते, मग बाजा. स्लॅबवर झोपणाऱ्यांचं चुकतं ते इथं : सिमेंट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, मातीचं, शेणानं सारवलेलं अंगण तासाभरात गार होतं.

दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं होतं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सकाळचा भाग पाहायला बसलं की दिवसाचा शेवटचा थंड तास जातो, म्हणून घरानं रात्रीचा धरला. गावात ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या खिडकीशी गर्दी होऊ लागली, ती थांबवणं अवघड गेलं. खिडकीबाहेर चुन्यानं खुणा करून उभं राहायला सांगितलं की थोडा फरक पडतो, वीज गेली की सगळ्या खुणा मोडतात.

त्याआधी आकाश. त्या वर्षीचा उन्हाळा आकाशासाठी फार उदार होता, आणि हे सांगितल्याशिवाय पुष्कळांनी पाहिलं नाही. शुक्राची चांदणी एप्रिलभर सूर्यास्तानंतर पश्चिमेला तळपत होती, रात्री दहाच्या सुमारापर्यंत. ३-४ एप्रिलला ती कृत्तिकांच्या पुंजक्याला अगदी लागून होती. ८ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या रात्री, पौर्णिमेचा चंद्र त्या वर्षातला पृथ्वीला सर्वांत जवळचा. आणि २६ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, तृतीयेची कोर शुक्राच्या शेजारी. मेमध्ये शुक्र रोज खाली उतरत गेला आणि महिन्याच्या अखेरीस मावळतीच्या उजेडात दिसेनासा झाला. मुलीनं भिंतीवर कोळशानं रोज एक खूण केली : रात्री साडेसातला शुक्र कडुनिंबाच्या कोणत्या फांदीवर आहे. बाजेची जागा बदलली की खुणा चुकतात, म्हणून बाजेच्या पायाशी चार विटा. भूगोलाचा पेपर गेला, पण हा भूगोल राहिला.

उत्तरेला सप्तर्षी नऊच्या सुमारास चांगले वर. आजीच्या तोंडी ते खाटलं : चार खूर (खाटेचे पाय) आणि मागे लागलेले तीन चोर.

यातला एक प्रयोग दुपारचा आहे. २०.६५ अंश अक्षांशाच्या या पट्ट्यात २३-२४ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, हे गाव त्याच्या सुमारे चार अंश पश्चिमेला, म्हणून मध्यान्ह बारानंतर साधारण तेरा मिनिटांनी. सपाट जागेवर सरळ उभा ग्लास किंवा पाण्याच्या पाइपाचा तुकडा ठेवायचा (ओळंबा लावून सरळ आहे ना पाहायचं, वाकडा असला की सावली हमखास पडते), आणि बारा वाजून दहा ते सतरा मिनिटांच्या दरम्यान पाहायचं. सावली बुडाखाली गडप होते. डोक्यावर ओला दुपट्टा, पायात चप्पल, पाच मिनिटांहून जास्त थांबू नये. ढगाळ दिवस आला तर दुसऱ्या दिवशी पाहता येतं, फरक किंचित पडतो. जुलैत ही वेळ पुन्हा येते, पण तेव्हा विदर्भात ढग.

पाखरांच्या पाण्याचं थोडक्यात. मातीचं परळ, दोन बोटं खोल पाणी, कडुनिंबाच्या सावलीत, मांजर दबा धरेल अशा झुडपापासून दूर. स्टीलची थाळी उन्हात तापते, पाखरं फिरकत नाहीत. पाणी रोज बदलायचं आणि परळ नारळाच्या शेंड्यानं घासायचं. आठवडाभर तेच पाणी ठेवलं तर त्यातून डासांची पिढी निघते. पहिले तीन-चार दिवस कोणी येत नाही. मग बुलबुल येतात, मग साळुंक्या, आणि साळुंक्या आल्या की बुलबुल भांडतात.

पेरणीनंतर

मेच्या अखेरीस टोळधाड अमरावती, नागपूर, वर्धा पट्ट्यात उतरली आणि थाळ्या दुसऱ्यांदा बाहेर आल्या. या वेळी त्यांचा उपयोग दिसत होता. कापूस खरेदी पुन्हा सुरू झाल्यावर पुढची खोली रिकामी झाली आणि घराला एकदम जागा मिळाली. खाजही थांबली.

मृग लागला, बी-बियाण्याची धावपळ सुरू झाली. टपरी उघडल्यावर बाबांचा खर्रा परतला, पूर्वीपेक्षा थोडा कमी. अष्टाचंगाचा पट पहिल्या पावसात धुऊन गेला, चिंचोके डब्यात राहिले. पहाटेचं दूध मुलाकडेच राहिलं, कारण गायीला आता त्याचाच हात लागतो. भांडी पहिल्याच आठवड्यात आईकडे परत गेली, आणि त्याबरोबर तिचा साडेपाचचा अर्धा तासही. जुलैत पेरणी उरकल्यावर मुलीनं पाचचा चहा आणि त्याची भांडी स्वतःकडे घेतली, तेव्हा त्यातली पंधरा मिनिटं परत आली.